कुत्रीवाली सिस्टर

अनूचं मनगट त्या कुत्र्याच्या तोंडात होतं आणि पोरगी रडतसुद्धा नव्हती. मी खराट्याचा दांडा कुत्र्याच्या पाठीत घातला, पण त्याला मार कळतच नव्हता. तोंडाला फेस, डोळे भलतीकडे. तिसऱ्या दणक्याला त्यानं मनगट सोडलं, जाता जाता माझ्या पिंढरीला दात लावला आणि गल्लीच्या टोकाला सोपानच्या गोठ्यात शिरलं. अनूच्या पायाशी तिची कुत्री बुंदी पडली होती, कान फाटलेला. पिसाळलेल्यानं आधी बुंदीलाच धरलं होतं. तिला सोडवायला पोरीनं हात घातला. शाळा नुकतीच सुटली होती, दप्तर अजून पाठीवर होतं.

अनूची आई म्हणजे सिस्टर, माझी भाडेकरू. सरकारी दवाखान्यात नर्स. रात्रपाळी करून खोलीत झोपली होती. ओरडा ऐकून अनवाणी बाहेर आली, पोरीचा हात एकदा पाहिला आणि तिला उचलून माझ्या टाकीच्या तोटीखाली नेलं. तोवर गल्ली गोळा झाली होती.

"मिरची आना गं कोणी! मिरची भरा त्याच्यात," शेजारची कमल ओरडली.

"रुईचा चीक लावा," मागून कोणीतरी म्हणालं.

सिस्टरनं मान वर केली नाही. "जो मिरची आणेल त्याच्याच डोळ्यात टाकीन. साबण द्या. आणि घड्याळ बघा कोणी, पंधरा मिनिटं झाली की सांगा."

पंधरा मिनिटं ती साबण लावत होती आणि पाणी सोडत होती. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. कमल म्हणाली, "टाकी रिकामी होऊन राहिली ना!" सिस्टर म्हणाली, "होऊ द्या." मग स्कूटीवर पोरीला पुढं उभं केलं आणि दवाखान्यात गेली. बुंदीला खोलीत कोंडून किल्ली सोबत नेली.

मी घरात आले, दाराला कडी लावली आणि माझ्या पिंढरीत लाल तिखट भरलं. चावल्याचं कोणाला सांगितलं नाही. आमच्या लहानपणी कुत्रं चावलं की पोटात चौदा सुया देत. माझ्या थोरल्या भावाला दिलेल्या मी पाहिल्या होत्या, दोन माणसं त्याला धरून बसली होती. मी ठरवलं, मरायचं तर मरू, पोट उघडं टाकायचं नाही. मिरचीची आग मात्र अशी होती की उशी दातात धरून बसले.

ही बाई माझ्या घरी आली कशी, ते सांगते. ती सेनगाव तालुक्यातल्या साखऱ्याजवळच्या तांड्यावरची. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. हिंगोलीला बदली झाली आणि पोरीला इथल्या शाळेत घातलं. रात्रपाळी असली की पोरीजवळ कोण? बुंदी. गावठी कुत्री, पांढऱ्या अंगावर पिवळे ठिपके. अनू तिच्या पाठीला पाठ लावून झोपायची. म्हणून सिस्टरला अशी गल्ली पाहिजे होती जिथं लेकरू आणि कुत्री दोघींना कोणी हात लावणार नाही. लोक म्हणायचे, कुत्री तांड्यावर ठेव, घर लगेच मिळेल. ती म्हणायची, "मग पोरगीबी तिथंच ठेवते की."

घर बघायला लोक संध्याकाळी येतात, ही भर दुपारी बाराला यायची. म्हणायची, "दुपारी गल्ली उघडी असते मावशी, संध्याकाळी सगळे अंग धुऊन बसतात." माझ्या दारापुढं पहिल्यांदा आली तेव्हा रस्त्यात तीन-चार कुत्री सावलीला पडली होती. त्यांच्याजवळ जाऊन ही एकदम खाली वाकली. पुन्हा दोन पावलं पुढं गेली आणि पुन्हा वाकली.

मी दारातून म्हणाले, "चप्पल तुटली का बाई?"

"न्हाई मावशी, बघून राहिले. वाकलं की कुत्रं पळालं तर त्या गल्लीत दगड मारतात. तुमची हलली न्हाईत."

मी म्हणाले, "आळशी आहेत मेली."

मग तिची नजर माझ्या उंबऱ्याजवळ गेली. तिथं मी लाल पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या होत्या, कुत्र्यानं दाराशी घाण करू नये म्हणून. आमच्या गल्लीत घरोघरी होत्या, कोणाची लाल, कोणाची निळी.

"ह्यानं कुत्री थांबतात का?"

"न्हाई."

"मग काहून ठेवल्या?"

"कमलनं ठेवल्या म्हणून."

ती खळखळून हसली. खोली आतून पाहायची राहिलीच होती, तिनं सामान कधी आणू ते विचारलं. मी म्हणाले, आधी संडास कुठं आहे ते तरी बघ बाई.

दुसरी सवय पोरांना विचारायची. घरमालकाला गल्ली कशी म्हणून विचारलं तर तो चांगलीच सांगणार, असं तिचं म्हणणं. ती शाळेतून येणारी पोरं थांबवायची आणि विचारायची, "कोणत्या घरापुढून पळत जाता रे?" दुसऱ्या एका गल्लीत पोरांनी तिला एक घर दाखवलं. तिथला माणूस पोरींना उगाच खाऊ देतो, असं पोरं म्हणाली. सिस्टर तिथून तशीच परत आली. आमच्या गल्लीत विचारलं तर पोरांनी माझं घर दाखवलं. "ही आजी लई ओरडते." हे तिनं मला स्वतः सांगितलं, चहा पिता पिता. मला राग आला. ती म्हणाली, "ओरडणारी म्हातारी पाहिजेच मावशी. मी ड्युटीवर असले तर चोराला कोण ओरडंल?" तेव्हा मी तिला खोली दिली. लाडीगोडीनं बोलली असती तर दिली नसती.

पोरीला तिनं चालायला शिकवलं होतं. सामान आणायच्या आधी दोघी आणि बुंदी शाळेपासून घरापर्यंत दोन-तीनदा चालत आल्या. भीती वाटली तर कोणत्या दुकानात शिरायचं, कुठं विजेची डीपी उघडी आहे, कोणत्या वळणावर ट्रॅक्टर येतो. अनोळखी कुत्रं अंगावर आलं तर पळायचं नाही. "झाड हो," ती म्हणायची. अनू हात अंगाला चिकटवून, हनुवटी छातीला लावून उभी राहायची. गल्लीतली पोरं तिला चिडवायची, झाड आलं, झाड आलं. त्या दिवशीही पोरगी झाड झाली होती, मी डोळ्यांनी पाहिलं. कुत्रं तिच्या बाजूनं निघून गेलं होतं. पण मग त्यानं बुंदीला धरलं, आणि आठ वर्षांचं लेकरू झाड होऊन किती उभं राहणार?

आल्यावर महिन्याभरात तिनं जनावरांचा डॉक्टर बोलावून गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना सुया टोचून घेतल्या होत्या आणि गळ्यात लाल फिती बांधल्या होत्या. सोपान म्हणाला होता, "नगरपालिकेला उभं राहता का सिस्टर?" ती म्हणाली, "तुमची कालवड आना, तिलाबी टोचू." सोपान म्हणाला, कालवड काय कुत्रं आहे का. तेव्हापासून तिला सगळे कुत्रीवाली सिस्टर म्हणायला लागले. मीही म्हणत होते. तोंडावर.

तर ते पिसाळलेलं कुत्रं दुसऱ्या दिवशी गोठ्यामागच्या नालीत मेलेलं सापडलं. आमच्या गल्लीतलं नव्हतं ते, गळ्यात फीत नव्हती. कमल आणि आणखी चार बाया माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, बुंदीला चावलंय, आता तीही पिसाळणार, लेकराबाळांची गल्ली आहे, तुमी घरमालकीण आहात, तुमी सांगा. त्यांचं चुकत होतं असं मला वाटलं नाही. मी लंगडत सिस्टरच्या दारात गेले आणि सरळ सांगितलं.

"कुत्री सोडून ये, न्हाईतर खोली सोड."

सिस्टर दाराच्या आत बसली होती. अनूच्या हाताला पट्टी, ती आईच्या मांडीवर झोपलेली. बुंदी कोपऱ्यात साखळीला. सिस्टरनं मान खाली घालून माझ्या पायाकडे पाहिलं. मला वाटलं रडते की काय.

"सोडते खोली," ती म्हणाली. "पण आधी लुगडं वर करा."

"काय बोलतीस?"

"काल लंगडत नव्हत्या तुमी. कुठं चावलं?"

मी म्हणाले पाय मुरगळला. तिनं अनूला खाली ठेवलं, माझ्यापुढं बसली आणि स्वतःच लुगडं वर सरकवलं. तिखटानं पिंढरी सुजून लाल झाली होती. तिनं बादली आणली, साबण आणला, आणि माझ्या पायाशी बसून ती मिरची काढायला लागली. मी तिला आत्ताच घराबाहेर काढलं होतं आणि ती माझा पाय मांडीवर घेऊन बसली होती. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या तिनं नंतर दिल्या.

"काल सांगायला काय झालं होतं? तोंड न्हाई का? गल्लीला ऐकू जाईल एवढं ओरडता!"

"पोटात चौदा सुया घेण्यापेक्षा मेलेलं बरं."

"पोटाला कोण हात लावतं आता! दंडात देतात. अनूनं काल घेतली, हूं की चूं केलं न्हाई. लेकरापेक्षा भित्र्या आहात तुमी."

"लागतं का लई?"

"मिरचीपेक्षा कमी."

स्कूटीवर मागं बसवून तिनं मला दवाखान्यात नेलं. जखमेच्या भोवती टोचलं तेव्हा लागलं, खोटं सांगत नाही. दंडातलं कळलंच नाही. त्यानंतर अनूच्या तारखा आणि माझ्या तारखा एका दिवसाच्या फरकानं येत होत्या. तरी सिस्टर आम्हा दोघींना आपापल्या तारखेलाच नेत होती, एकीसाठी दुसरीला थांबवलं नाही. खोली सोड हे शब्द मी पुन्हा काढले नाहीत. माफीही मागितली नाही. कमलला सांगितलं, भाडेकरू माझी आहे, मी बघते.

बुंदीला आधीच सुया झालेल्या होत्या, डॉक्टरनं पुन्हा दिल्या. दीड महिना तिला माझ्या मागच्या अंगणात पत्र्याच्या आड साखळीनं बांधून ठेवलं. भाकरीचं ताट काठीनं पुढं सरकवायचं, कोणी जवळ जायचं नाही, अनूनंही नाही. पोरगी पत्र्याच्या अलीकडं बसून मोठ्यानं धडे वाचायची. दुसरीचं पुस्तक कुत्रीला पाठ झालं असेल. मी रोज सकाळी पत्र्याच्या फटीतून आधी तिच्या पुढ्यातलं पाणी बघायची. पाणी पिलेलं दिसलं की मग चूळ भरायची.

सिस्टरनं सोपानला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, कालवडीला टोचून घ्या, तिच्या नाकाला ओरखडा आहे. सोपान म्हणाला, गोठ्यातली दोरी लागली असेल. एका माणसाकडून मंतरलेला दोरा आणून तिच्या गळ्यात बांधला. सोपान वाईट माणूस नाही. त्याच्या बापानं तेच केलं होतं आणि बापाची गाय वाचली होती. त्या गाईला चावलेलं कुत्रं पिसाळलेलं नसेल, हे त्याला कोण सांगणार. तिसऱ्या आठवड्यात कालवड हंबरायला लागली. आवाज बसला तरी हंबरत होती. घशात काही अडकलं म्हणून सोपानच्या बायकोनं तिच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. सिस्टरला कळलं तशी ती गोठ्यात गेली आणि नवरा-बायको दोघांना हात धुवायला लावून आपल्यासोबत दवाखान्यात सुई द्यायला नेलं. सोपान रडत होता. मी त्याला बोलणार होते, सिस्टरनं माझा हात दाबला.

पुढच्या वर्षी तिची बदली वसमतला झाली. तिथली गल्ली बघायला ती दुपारच्या बसनं मला सोबत घेऊन गेली. दिवसभर उन्हात फिरवलं आणि शेवटी एका घरापुढं म्हणाली, "मावशी, इथं राहाल का तुमी?" मी म्हणाले न्हाई, ह्या बाईनं आपल्याला पाणीसुद्धा विचारलं न्हाई. तिनं ते घर सोडलं. पुढं एक मिळालं. सामान टेम्पोत चढलं त्या दिवशी मी शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि आत निघून गेले. टेम्पो जाताना बघत उभं राहणं मला जमत नाही.

आता गल्लीत कोणाला कुत्रं चावलं की माझ्याकडे आणतात. मी आधी तोटी सोडते आणि साबण देते, मग घड्याळ लावते, मग दवाखान्यात पिटाळते. कमल आता टाकीचं नाव काढत नाही.

त्या दुपारी त्या कुत्र्याचे दात चौघांना लागले होते. सोपानची कालवड मेली. अनू, बुंदी आणि मी जगलो.