टोपीचे अस्तर

भुसावळच्या रेल्वे कारखान्यात डब्यांच्या गाद्या शिवणारे ते गृहस्थ मला भाऊ म्हणत आणि मी त्यांना नाना. शिवलेली प्रत्येक गादी ते स्वतः बसून पारखत. निवृत्त होणाऱ्या साहेबांना भेट द्यायच्या, रेल्वे डब्याच्या हातभर लाकडी प्रतिकृतीतल्या गाद्यांवर मात्र त्यांनी करंगळी बसवून पाहिली.

"भाऊ, हाई कापड जाड शे. दार लागावं नही."

पहिल्या वर्गाचे खरेच कापड हवे, हा हट्ट माझा होता आणि तो मी कचेरीत मिरवलाही होता. समारंभाला दोन तास उरले होते आणि फुगलेल्या गाद्यांमुळे दार खरोखरच लागेना. सगळ्यांसमोर माझीच फजिती ठरलेली. नानांनी डोक्यावरची टोपी काढली, तिचे लाल रेशमी अस्तर उसवले आणि सहाही गाद्या नव्याने मढवल्या. दार लागले.

साहेबांनी डबा उघडून पाहिला आणि इतके नाजूक कापड कोणी निवडले, असे विचारले.

"भाऊनी निवडं," नाना म्हणाले.

साहेबांच्या थोरवीवर त्या दिवशी पाच भाषणे झाली. त्यांतले एकही मला आठवत नाही. बिनअस्तराच्या टोपीने नानांच्या कपाळावर उठलेला वळ तेवढा आठवतो.