दाजी पुसायला बसले की

आमच्या दाजींइतकं पुसणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात सापडायचा नाही. मास्तरांनी जन्मभर फळा पुसला नसेल, एवढं या माणसानं कॉम्प्युटरमधून पुसलंय. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मुरूमच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ. लग्न असो, डोहाळजेवण असो, गळ्यात कॅमेरा अडकवून दाजी हजर. पण त्यांचा खरा जीव फोटो काढण्यात नव्हता, नंतर पुसण्यात होता. स्वस्थ बसणं म्हणून ठाऊक नाही. जेवता जेवता उठून पंख्यावरची धूळ झटकतील, समोरच्याचा चहा संपायच्या आत कप उचलून मोरीत नेऊन ठेवतील. माझा तर कितीदा गेलाय! "अहो दाजी, चहा होता त्यात!" म्हटलं तर म्हणायचे, "गार झालता. गार झालेलं ठिवायचं कशाला?"

फोटो पुसताना ते माऊसला शिवायचे नाहीत. एकेक फोटो निवडून टाकणं म्हणजे त्यांच्या लेखी तांदळातले खडे वेचत बसणं. ते कॉम्प्युटरवर हुकूम द्यायचा काळा पडदा उघडायचे आणि उभ्या उभ्याच त्यावर एका ओळीचा हुकूम टाइप करायचे, की फोटोंचा ढीगच्या ढीग गारद! त्यासाठी आधी प्रत्येक फोटोला ते नाव द्यायचे. ज्याचा फोटो त्याचं नाव, आणि फोटो हललेला असला तर त्याच्या आधी 'हललं'. मग हुकूम सुटायचा, 'हललं'नं सुरू होणारे तेवढे पूस. मात्र पुसायच्या आधी तोच हुकूम नुसती नावं दाखवायला सांगून चालवायचे आणि मला समोर बसवून मोठ्यानं वाचायचे. "हललं नवरदेव. हललं मामा. हललं आचारी. पाव्हणं, व्हय म्हणा की!" मी व्हय म्हणायचो. "एकदा एंटर दाबलं की परत येत न्हाय, हितं कचऱ्याची टोपली नसती," असा वर दम. एवढं करूनही डिस्क कायम भरलेली. "जागा खातंय तरी कोण?" म्हणत दाजी स्टुडिओत येरझाऱ्या घालायचे.

आणि अक्का? ती दाजींच्या वरताण! फोटोसाठी उभी केली, की बटण दाबायच्या आत पळालीच. "अवो, काढा की लवकर, गॅसवर दूध हाय!" एवढं ऐकू येईपर्यंत ती स्वयंपाकघरात पोचलेली असायची. फोटोत उरायचा पदराचा फराटा.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली. तापाचं निमित्त झालं आणि बघता बघता गेली. पुण्यानुमोदनाचा दिवस ठरला, भंतेजींना निरोप गेला, आणि हार घालायला घरात फोटोच नाही! लग्नातल्या फोटोत तिनं मान खाली घातलेली. आधार कार्डावरचा बघून माझी भाची रडत म्हणाली, "ही आमची आई न्हायच, मामा." माझं डोकंच फिरलं. "सगळ्या तालुक्याचे फोटो काढले तुम्ही," मी ओरडलो, "आणि तुमच्या त्या पुसण्यापायी माझ्या बहिणीचा एक फोटो शिल्लक न्हाय!"

दाजींनी लॅपटॉप उघडला, काळा पडदा समोर आणला आणि नेहमीचा हुकूम टाइप केला.

"आता अजून काय पुसताय? थांबा!"

"पाव्हणं, आज ओळ पुरती वाचा," म्हणून ते बाजूला झाले.

इतकी वर्षं मी नावं ऐकत आलो होतो, हुकूम कधी वाचला नव्हता. ओळीत 'हललं'च्या पुढं एक उद्गारचिन्ह होतं, आणि त्याला लागून 'संगीता'. संगीता म्हणजे माझी अक्का.

"ह्या चिन्हाचा अर्थ काय?"

"हे सोडून," दाजी म्हणाले.

मी व्हय म्हटलेल्या नावांत संगीता कधी आलीच नव्हती. फोल्डर उघडला तर अक्काच अक्का. दळण डोक्यावर घेतलेली, भाचीला दटावणारी, दुधाकडं पळणारी, सगळीकडं हललेली. पण तेवढ्यावर थांबेल तर शपथ! नावात संगीता असलेलं जे जे हललं होतं ते सगळंच वाचलं होतं. मुरूमची नवरी संगीता, तामलवाडीची करवली संगीता, येडशीची डोहाळजेवणाची संगीता. डिस्क कोण खात होतं ते आज कळलं. रडता रडता मला हसू फुटलं, भाचीलाही. म्हटलं, "दाजी, निदान या परक्या बायका तरी पुसा आता."

"नको," ते म्हणाले. "पुसता पुसता एखादी आपली जायची."

भंतेजींसमोर ठेवला तो फोटो दारातून वळून बघणाऱ्या अक्काचा. चेहरा धूसर, पण हसणं पुरतं कळतं. कुणीतरी म्हणालंच, "फोटो हललाय ओ." दाजी म्हणाले, "ती आशीच हुती."

आताही मी मुरूमला गेलो की स्टुडिओत डोकावतो. दाजी खुर्चीत बसलेले असतात. मला बघून नावं वाचायला लागतात. "हललं संगीता, दळण. हललं संगीता, दूध." मी व्हय म्हणतो. एंटर कुणी दाबत नाही. माझ्यापुढं चहा येतो, बोलता बोलता पार गार होतो, आणि कप तसाच पुढ्यात राहतो. कुणी उचलत नाही.