वरची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट माहीत नाही.

साताऱ्याला कॉलेजात असताना मी आणि उंब्रजचा शंकर एकाच खोलीत राहायचो. गल्लीत पलटणीच्या बँडमधून पेन्शनीत आलेले एक काका होते. त्यांनी मला त्यांची गिटार दिली, कागदावरून वाजवायला शिकवलं. सहा तारांच्या सहा रेघा, रेघेवर आकडा — त्या तारेवर कितव्या घरात बोट दाबायचं तो. याला टॅब्लेचर म्हणतात हे फार नंतर कळलं. एकच गोम होती. गिटार मांडीवर घेतली की जाड तार वर येते, पण कागदावर वरची रेघ असते बारीक तारेची. मी स्वतः आठ दिवस उलटंच वाचत होतो. काकांनी टपली मारली तेव्हा उजेड पडला.

शंकरला असला कागद वाचता येत नव्हता. पण रेडिओवर एकदा ऐकलेलं गाणं तो शिट्टीवर जसंच्या तसं वाजवायचा. मला ते सलत होतं का? होतं. खोटं कशाला बोलू?

मग गॅदरिंगच्या यादीत, गिटारपुढे, माझ्या नावाखाली त्याचं नाव दिसलं. मला एका शब्दानं न विचारता! गिटार माझी, काका माझे — आणि हा मध्येच? दगा दिला यानं, असंच वाटलं. मी त्याला विचारलं का? नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्यानं गिटार गावी नेण्यासाठी मागितली. मी दिली, गाण्याचा कागदही दिला. एसटीत चढता चढता त्यानं विचारलं, "वरची रेघ म्हंजी कुठली रं तार?"

"वरचीच. जाड," मी म्हणालो.

इथवर चेष्टा म्हणून खपलंही असतं. पण सुट्टी संपवून तो आला तेव्हा त्याच्या बोटांना घट्टे पडले होते. "लय केलं गड्या. शिट्टीत बरोबर येतंय, कागदावरनं वाजवलं की भलतंच निघतंय. कागद तर चुकला न्हाई न्हवं?"

तेव्हा तरी सांगायचं ना? मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणालो, "कागद बरोबर हाय. तुझा कान कच्चा हाय."

त्याला — ज्याचा कान माझ्याहून कितीतरी तयार होता! आणि त्यानं ते मानलं. स्वतःच्या कानापेक्षा त्याचा माझ्यावर जास्त विश्वास होता. "मग माझं नाव काढतो," तो म्हणाला. "तू स्टेजवर एकटा घाबरशील म्हणून दिलं हुतं."

मी एकट्यानं वाजवलं. पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं टाळ्या त्यानंच पिटल्या. त्यानंतर त्याची शिट्टी काही मी ऐकली नाही.

सहा-सात वर्षांनी सांगलीहून येताना उंब्रजला उतरलो, त्याच्या घरी गेलो. त्याची चार वर्षांची लेक रेडिओबरोबर गात होती — अगदी सुरात. शंकर हसला.

"गप गं बाळे. आपल्या घरात कुणाला कान न्हाई. इचार ह्या काकाला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — हो म्हणून. ती गायची थांबली.