पोवळ्यांचा श्रावण

आमच्या ह्यांनी स्वतःच्या दोन मुलांना कधी एक घास भरवला नाही, पण वाशीच्या फ्लॅटमधल्या पोवळ्यांना मात्र रोज संध्याकाळी चिमट्याने भरवलं. नवी मुंबई तेव्हा खरोखरच नवी होती, करमणुकीला काही नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. शेजाऱ्यांनी कॅरम घेतला होता, हे माझं म्हणणं.

पोवळी म्हणजे अंगठीतली नव्हेत. उरणच्या किनाऱ्यावरून ह्यांनी एक दगड उचलून आणला होता. त्यावर शर्टाच्या बटणाएवढी हिरवट फुलं होती. ही फुलं म्हणजे पोवळ्यांचे भाऊबंद, जिवंत प्राणी, असं ह्यांनी कुठल्याशा पुस्तकात वाचून जाहीर केलं. मग काचेची टाकी आली, बुडबुड्यांचा पंप आला आणि दर दुसऱ्या रविवारी उरणहून एसटीने खाऱ्या पाण्याचे कॅन येऊ लागले.

खाणं म्हणजे भिजवलेला सुका जवळा, एकेका फुलाच्या तोंडात एकेक. फूल हळूच मिटलं की हे ओरडायचे, "घेतलं, घेतलं!" जवळा विकायला येणारी मावशी दारात बसून हसायची. "खाडीत यांना कोन भरवतं? पान्यात जे हाय ते खातान."

आणि श्रावण लागला. सासूबाई मूळच्या रत्नागिरीच्या. एरवी बांगड्याचं डोकं कुणाला मिळू द्यायच्या नाहीत, पण श्रावणात त्यांना माशाचा वाससुद्धा चालत नसे. "या घरात राहतील ती श्रावण पाळतील," त्यांनी टाकीकडे बोट दाखवून सांगितलं.

आईपुढे ह्यांचं काय चालणार? सोमवारी ह्यांनी पोवळ्यांना भिजवलेला साबुदाणा दिला. फुलांनी तो घेतला आणि जरा वेळाने बाहेर टाकला. मग भाताची शितं झाली, दाण्याचं कूट झालं. पाणी तेवढं गढूळ झालं. दहा-बारा दिवसांत फुलं मिटून बसली, कडेची दोन तर गळूनच पडली. हे टाकीसमोर बसून राहायचे, धड जेवायचेही नाहीत. मी चेष्टा करायचं सोडून दिलं. मला खरंच वाईट वाटत होतं.

एका दुपारी मी बाजारातून लवकर परतले, तर सासूबाई टाकीपाशी स्टुलावर चढलेल्या. चणीने लहान, आणि चिमटा टांगलेला वरच्या खिळ्याला. नाकाला पदर, एका हातात चिमटा, दुसऱ्यात जवळ्याची पुडी.

"बघतेस काय? दार लाव आधी," त्या म्हणाल्या. "उपास आपण होऊन करायचा असतो. मुक्या जिवाला उपाशी ठेवून कसलं आलंय पुण्य?"

मग त्यांनी पुन्हा आंघोळ केली आणि मला बजावलं, "त्याला सांगू नकोस. डोक्यावर बसेल."

चार दिवसांत फुलं उघडली. आपल्या पोवळ्यांना साबुदाणा मानवला, असं हे सोसायटीभर सांगत सुटले. पुढचे तीन श्रावण हेच नाटक चाललं. नवरा किती भोळा मिळालाय, म्हणून मी मनातल्या मनात हसत असे.

पाचव्या श्रावणात सासूबाई नव्हत्या. पहिल्या सोमवारी मी विचारलं, "आता आणू ना जवळा?"

"नको," हे म्हणाले. "आईचा श्रावण आहे."

त्यांनी साबुदाणा भिजवला. संध्याकाळी तो देऊन झाल्यावर चिमटा धुतला आणि वरच्या खिळ्याला न लावता खालच्या खिळ्याला अडकवला. हा खालचा खिळा पहिल्या श्रावणानंतर ह्यांनीच ठोकला होता, बरोबर सासूबाईंच्या हाताच्या उंचीवर. कशासाठी, हे मी कधी विचारलंच नव्हतं. म्हणजे ह्यांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं, आणि भोळी मीच होते.

दुसऱ्या दिवशी हे कामावर गेल्यावर मी मावशीकडून मूठभर जवळा घेतला. दार लावलं, नाकाला पदर लावला आणि खालच्या खिळ्यावरचा चिमटा काढला.