भोपळीला आईकडे नेताना

लॉन्ड्रीत तिला सगळे कडकताई म्हणत. हॉटेलांच्या चादरी आणि वेटरांचे सदरे इस्त्री करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. तिच्या हाताखालून गेलेली कॉलर मान टाकत नाही, अशी ख्याती. बोलणंही तसंच. लग्न का केलं नाही म्हणून कोणी विचारलं, तर "सवडच झाली नाही" म्हणून विषय मिटवायची.

तिच्या धाकट्या भावाच्या बायकोला हृदयाचं दुखणं निघालं. उपचारासाठी ती दोघं दूरच्या मोठ्या शहरात गेली, तेव्हा त्यांची नुकतीच पाऊल टाकू लागलेली मुलगी कडकताईकडे आली. "थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, ताई," भाऊ म्हणाला होता. दिवसांचे महिने झाले. पोर गुबगुबीत, म्हणून लॉन्ड्रीतल्या बायकांनी तिला भोपळी नाव ठेवलं. भोपळी चादरींच्या ढिगात झोपायची, बायकांच्या पायात लुडबुडायची, आणि एके दिवशी तिने कडकताईला हाक मारली, "आई."

"आत्या म्हण," कडकताई म्हणाली.

भोपळी पुन्हा आईच म्हणाली. त्यानंतर कडकताईने तिला फारसं हटकलं नाही.

मग भावाचा फोन आला. त्याचा आवाज बसला होता. "ताई, उद्या दुपारी ऑपरेशन आहे. डॉक्टर छातीठोकपणे काही सांगत नाहीत. ती म्हणते, आत नेण्याआधी एकदा पोरीला बघू दे. सकाळच्या विमानाचं तिकीट पाठवतो. जमेल ना गं?"

कडकताई विमानात कधी बसली नव्हती. त्यात भोपळीला सर्दी. पण नाही म्हणण्याची सोयच नव्हती. घडी घालणाऱ्या बाईला तीन मुलं होती, तिने युक्त्या सांगितल्या. "विमान वर चढायला लागलं की दुधाची बाटली दे. गिळत राहिली की कानात दडे बसत नाहीत. आणि सकाळी लवकर उठव, म्हणजे आत गेल्या गेल्या झोपेल."

कडकताईने सगळं सांगितल्याप्रमाणे केलं, आणि सगळं उलटं झालं. लवकर उठवलेली भोपळी झोपायच्या ऐवजी चिडचिडी झाली. तपासणीच्या रांगेत तिने बूट भिरकावले. विमान हललं तशी कडकताईने घाईने बाटली तिच्या तोंडात दिली. पण ते नुसतंच जमिनीवर हललं होतं. जरा पुढे जाऊन थांबलं, आणि थांबूनच राहिलं. पुढे आणखी विमानं आहेत, वेळ लागेल, असं कोणीतरी स्पीकरवरून सांगितलं. भोपळीने बाटली रिकामी केली. खरंच उडायची वेळ आली तेव्हा दूध नव्हतं, आणि पोट मात्र तुडुंब होतं.

विमान वर चढलं आणि भोपळीने सगळं दूध उलटून टाकलं. तिच्या अंगावर, कडकताईच्या मांडीवर, पट्ट्यावर. मग ती रडायला लागली. नेहमीचं रडणं नव्हतं ते. कान दोन्ही हातांनी ओढत, श्वास अडकेपर्यंत ती किंचाळत होती. बदलायचे कपडे मोठ्या बॅगेत, आणि ती बॅग खाली सामानात.

कडकताईने उठायला पट्टा सोडला, तर हवाईसुंदरी म्हणाली, "आत्ता बसून राहा, प्लीज."

पुढच्या सीटवरचा माणूस मागे वळला. "अहो, जरा शांत करा ना तिला."

"करतेय," कडकताई म्हणाली. एरवी तिने त्याची चांगली इस्त्री केली असती. आज ती भोपळीला नुसती थोपटत राहिली. आपण पोहोचायच्या आधीच वहिनीला आत नेलं तर? आणि आपण इथे एक लेकरू गप्प करू शकत नाही. खिडकीबाहेर नुसते ढग होते. उतरून पळायचीही सोय नव्हती.

शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. त्यांनी शांतपणे कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. "मला आता ओ की ठो ऐकू येत नाही," ते जरा मोठ्यानेच म्हणाले. "तू माझी काळजी करू नको, मुली. रडू दे तिला."

किती वर्षांनी कडकताईला कोणी मुली म्हटलं होतं. तिचे डोळे भरून आले. बाबांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक धुतलेलं बनियन काढलं. "हे घाल तिला. ओल्या कपड्यात गारठेल." बनियन भोपळीच्या पायांखाली लोंबत होतं. मग हवाईसुंदरीने पेल्यात पाणी आणि चमचा आणून दिला. बाबा पेला धरून बसले, कडकताई चमच्या चमच्याने पाजत राहिली. रडण्याचे हुंदके झाले, आणि भोपळी झोपली.

उतरायची वेळ आली, तेव्हा तिला उठवून पुन्हा पाणी पाजायला हवं होतं. कडकताईला ते कळत होतं, पण मन होईना. भोपळी आपोआप जागी झाली, दुखण्यानेच. तिने कडकताईचा गळा घट्ट धरला आणि तोंड लपवून म्हणत राहिली, "आई, बाऊ. आई, बाऊ." कडकताई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. आपण हिला कोणाकडे घेऊन चाललोय आणि ही कोणाला हाक मारतेय, हे तिला सहन होईना.

विमान उशिरा पोहोचलं. हॉस्पिटलच्या दारात भाऊ वाट बघत होता. त्याने बॅग घेतली आणि जवळजवळ धावतच निघाला.

वहिनीला तयार करून ठेवलं होतं. डोक्यावर हिरवी टोपी, चेहरा इतका ओढलेला की कडकताईलाही आधी ओळखू आला नाही. त्या लांबलचक बनियनातलं ध्यान बघून वहिनी कशीबशी हसली. "ये," तिने हात पुढे केला.

भोपळीने मान फिरवली. कडकताईच्या खांद्यात तोंड खुपसून म्हणाली, "आई, घरी."

भाऊ भिंतीकडे बघायला लागला. कडकताईला धरणी दुभंगली तर बरं असं झालं.

"तुम्हालाच म्हणते ना?" वहिनीने विचारलं.

"लहान आहे गं. कळत नाही तिला."

"असू दे, ताई. कुणाला तरी म्हणता आलं तिला." वहिनी दम घ्यायला थांबली. "मी परत नाही आले, तर ते बदलायला लावू नका."

"अभद्र बोलू नकोस," कडकताई म्हणाली, पण आवाजात कडकपणा राहिला नव्हता. तिने भोपळीची चिमुकली मूठ धरून वहिनीच्या तळहातावर ठेवली. भोपळीने ती काढून घेतली नाही. तेवढ्यात न्यायला माणसं आली.

वहिनी परत आली. बरेच दिवस अतिदक्षता विभागात काचेआड राहिली, मग खोलीत आली. कडकताई रजा वाढवत गेली. रोज ती भोपळीला वहिनीच्या पलंगावर बसवायची आणि आपली खुर्ची कालच्यापेक्षा जरा लांब ठेवायची. भोपळी रडली की वहिनीही रडायची, आणि कडकताई खुर्चीचे हात धरून बसून राहायची. पलंगावरच्या बाईकडे बोट दाखवून ती सांगायची, "ही आई. मी आत्या." भोपळीने ऐकायचं नाव घेतलं नाही. मग हळूहळू ती वहिनीला आई म्हणायला लागली.

निघायच्या दिवशी भाऊ म्हणाला, "ताई, ती झोपल्यावर जा."

"चोरासारखी कशाला जाऊ?" कडकताई म्हणाली.

भोपळी आईच्या मांडीवर केळं खात होती. कडकताईने सांगितलं, "आत्या जाते हं." भोपळीने तिच्याकडे बघितलं, केळं हातात धरून टाटा केलं, आणि पुन्हा खायला लागली.

कडकताई जिन्याने खाली आली. बसथांब्यावर तिच्यासमोर बस येऊन उभी राहिली, दार उघडलं, बंद झालं, आणि बस निघून गेली. ती तशीच उभी होती.