बर्गंडीची बाटली आणि माळकरी तात्या

१२ डिसेंबर १९९९, भवानीनगर

मित्रांनो, बरेच महिने ई-मेल केली नाही, माफ करा.

तुम्ही फ्रेंच वाइन सुचवायला सांगितली होती. मुलीने फ्रान्सहून पाठवलेली, बर्गंडीतल्या तिच्या ओळखीच्या शेतकरी कुटुंबाने घरच्या द्राक्षांची केलेली बाटली आज उघडली. मला फार आवडली.

पण एकट्याच्या जिभेवर शिफारस करावी का? म्हणून शेजारच्या तात्यांना बोलावलं.

"माळ हाय गळ्यात. तुमी प्या, मी बसतो हितं."

बाटली कुणाच्या मळ्यातली ते मी सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "त्या शेतकऱ्याची पोरं मळ्यातच ऱ्हात्यात?"

"हो, दोघंही."

"मग चवीचं काय इचारता!"

तात्यांची पोरं पुण्याला असतात. आम्ही बराच वेळ बसून राहिलो.

अशी घरची वाइन मिळाली तर जरूर घ्या. फक्त एकट्याने उघडू नका.

उद्या: तात्यांकडे चहाला जाणे.