आखितीला निघायचं ठरलं

पहिला राग आला तो आंब्याचा. पोरगा, सून आणि दोन नातवंडं पुण्याहून नवी गाडी घेऊन आली. डिकीतून हापूसची पेटी निघाली आणि हातपाय धुवायच्या आधी चौघं ओट्यावर बसून आंबे चोखायला लागली. आखिती, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया, अजून यायची होती. आमच्याकडं आखितीच्या आधी आंबा तोंडाला लावत न्हाईत. आधी गेलेल्या माणसाला दाखवायचा, मग आपण खायचा. आणि यंदा तर घरातलं गेलेलं माणूस नवं होतं. माझी बायको पौषात गेली. ही तिची पहिली आखिती.

नातवंडांना मी काही बोललो न्हाई. नात बारा वर्षांची, नातू सातचा, त्यांना कोण सांगणार? जी सांगायची तीच गेली. पण पोरगा चाळिशीचा हाय. कोय चोखत बसला होता, रस कोपरापर्यंत आलता, आणि मलाच म्हणतो, "बाबा, घ्या ना. लई गोड आहे."

"तुझ्या आईनं खाल्ला का?" मी विचारलं.

त्यानं कोय ताटात ठेवली. सून म्हणाली, "मामा, आमच्या लक्षातच राहिलं नाही हो." सुनेचं एक बरं हाय, ती चुकलं तर चुकलं म्हणते, फाटे फोडत न्हाई.

दर उन्हाळ्यात ही मंडळी गावाकडं यायची. गावाकडं म्हणजे हिच्याकडं. हिची तयारी होळीपासूनच चालायची. कुरडया घाल, पापड लाट, नवा माठ आण, नातीला पंख्याखालची जागा, नातवाला तिखट चालत न्हाई म्हणून त्याचं कालवण निराळं. मी म्हणायचो, "सरकारी पाहुणे येऊ लागलेत का गं?" तर म्हणायची, "तुमचं कावून पोट दुखतंय?" यंदा ती न्हाई, तर गावात राहायचंच न्हाई असं ही मंडळी ठरवून आलती. मला गाडीत घालायचं आणि कोकणात जायचं, समुद्रावर. पोरगा फोनवर म्हणलाच होता, "बाबा, तुम्हाला जरा बदल हवा."

बदल! बायको जाऊन चार महिने झाले. अजून कसला बदल पाहिजे माणसाला?

संध्याकाळी ओट्यावर सतरंजी टाकून चौघं गोल बसली. मधे मोबाईल, त्यात नकाशा. पोरगा बोट सरकवत सांगू लागला, की पहिला मुक्काम पुण्यात, दुसऱ्या दिवशी घाट उतरायचा, जेवायला अमुक ठिकाणी थांबायचं, सूर्य बुडायच्या आत वाळूवर. नात म्हणाली, पोहायचा हौद असलेलंच हॉटेल पाहिजे.

"समोर एवढा समुद्र असताना हौद कशाला गं?" मी म्हणालो.

"आजोबा, समुद्र खारट असतो."

"मग तू पोहणार का पिणार?"

नातू फिदीफिदी हसला, तर नातीनं त्याला चिमटा काढला. तो म्हणाला, "ताई खिडकीत बसली तर मी येणारच नाही." ती म्हणाली, "नको येऊ, जागा होईल." आईनं दोघांना एकेक धपाटा दिला. इथपर्यंत ठीक होतं. मग माझा नंबर आला. बाबांना मधल्या सीटवर बसवू, टेकायला उशी देऊ, गोळ्या पुढच्या कप्प्यात ठेवू. पोरगा म्हणाला, "आणि मधे मधे गाडी थांबवू, बाबांना लघवीला लागतं." पोरांसमोर! माझ्या लघवीला पण त्या नकाशात ठिपके देऊन ठेवले होते. बाजाराला न्यायच्या शेळीचं सुद्धा इतकं कुणी ठरवत न्हाई, आणि तिला इचारत न्हाई तसं मला पण कुणी इचारलं न्हाई.

मी एवढंच म्हणालो, "निघायचं कधी?"

पोरगा खूश होऊन म्हणाला, "अक्षय्य तृतीयेला पहाटे. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, पंचांग बघायलाच नको. नवी गाडी पहिल्यांदा एवढी लांब जाणार ना, म्हणून मुद्दाम तोच दिवस धरला."

माझ्या डोक्यात सणकच गेली. शहरात आखिती म्हणजे सोनं घ्यायचा, गाडी काढायचा दिवस. आमच्यात तो पाणी द्यायचा दिवस हाय. करा आणि केळी, ही मातीची दोन भांडी, पाण्यानं भरायची, त्यात वाळा टाकायचा, आमरस-पुरणपोळीचं पान वाढायचं आणि गेलेल्याचं नाव घेऊन पाणी सोडायचं. पहिली आखिती झाली की ते माणूस आपल्या वाडवडलांत जाऊन बसतं. न्हाई झाली तर कुठं बसतं ते मला ठाऊक न्हाई. पण माझी आई सांगायची, ते तहानलेलं राहतं. आणि आईला पाणी द्यायचं ते पोरानं.

मी आत गेलो. धारूरच्या बाजारातून आणलेली करा-केळी फडक्यात बांधून ठेवली होती. ती आणून त्या मोबाईलशेजारी आदळली. फुटली न्हाईत, हे नशीब.

नातू म्हणाला, "आजोबा, हे खेळायचं आहे?"

"तुझ्या बापाला इचार."

बापाला ठाऊक होतं. ह्याच ओट्यावर माझ्या बापाचा करा ह्यानं लहानपणी भरला होता. तो खाली बघून म्हणाला, "बाबा, तिथं करू की. हॉटेलात सांगतो पुरणपोळीचं."

"हॉटेलात? तुझ्या आईला तिथला पत्ता कोन सांगनार बे?"

सून म्हणाली, "मामा, पोरांसमोर नको." मी म्हणालो, "पोरांसमोर माझी लघवी चालती, आन् हे चालत न्हाई व्हय?"

तेव्हा पोरगा उठला. पुण्याला गेल्यापासून तो पुस्तकासारखं बोलतो, त्या संध्याकाळी ते सगळं गळून पडलं. "मंग काय करू मी? ह्या घरात पाय ठेवला की मला गुदमरतंय. तिचं लुगडं अजून खुटीला हाय. तुमी काढत न्हाई, दुसऱ्याला काढू देत न्हाई. मला काय आखिती ठाऊक न्हाई का? ठाऊक हाय म्हनूनच तो दिस धरला! मला त्या दिशी हितं ऱ्हायचंच न्हाई. माझ्या हातानं पानी सोडलं की ती गेली. मंग संपलं. मला न्हाई सोडायचं!"

पोरं आईला चिकटली. त्यांनी बापाला असं बोलताना कधी ऐकलं नसंल.

दुसऱ्या कुणाचं काळीज पाघळलं असतं. माझा राग दुप्पट झाला. मी म्हणालो, "तुला एक दिस हितं बसवत न्हाई. मी पौषापासून बसलोय. त्या लुगड्याखालीच बसून जेवतो. मला पळायला कुनी गाडी आनली?"

"आणली की," तो म्हणाला. "दारात उभीच हाय ना."

मी त्याला एक शिवी दिली. ती इथं लिहीत न्हाई.

शेवटी सून उठली. तिनं मोबाईल उचलला, करा-केळी परत फडक्यात गुंडाळली आणि म्हणाली, "आखिती इथंच होणार. दुसऱ्या दिवशी निघू. हॉटेलवाल्याशी मी बोलते." नात पुटपुटली, "म्हणजे समुद्र एक दिवस कमी." आईनं नुसतं बघितलं तिच्याकडं.

आखितीला सुनेनं पहाटे उठून पुरण घातलं. पोळ्या फुटत होत्या. मी म्हणालो, "तुझ्या सासूच्या पोळीतनं पुरण कधी बाहेर आलं न्हाई." ती म्हणाली, "मामा, मग फुटलेल्या बाजूला काढते, तुम्हीच खा." पान वाढलं. रसाची वाटी ठेवली. करा-केळी भरली, वाळ्याचा वास घरभर सुटला. नातवंडं आंघोळ करून भिंतीला टेकून बसली, दोघांमधे त्या दिवशी भांडण न्हाई.

पोरगा पाटावर बसला. तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि तसाच थांबला. बोटं घट्ट मिटलेली. थेंब सुद्धा गळत न्हवता.

मी म्हणालो, "नाव घे."

सुनेनं पाठीवर हात ठेवला तर त्यानं खांदा झटकला.

"घे की बे. तहानलीय ती."

मग तो "आई" म्हणाला. नाव न्हाई घेतलं, नुसतं आई. असं चालत न्हाई, पुरं नाव घ्यावं लागतं, हे सांगायला मी तोंड उघडलं. पण बोटं सुटली होती आणि पाणी पडायला लागलं होतं.

मला रडू आलं न्हाई. रागच आला. एवढ्या एका शब्दाला भिऊन हा पोरगा समुद्रापर्यंत पळणार होता, आणि संगट मला पण उचलून नेणार होता.